गेमचा पुढचा भाग आणि पात्रांचा प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सूचना. खाली ज्या गेम्सची नावं येतील, त्यांचे शेवट आणि त्यांतले मृत्यू मी लपवलेले नाहीत. 'द लास्ट ऑफ अस', 'गॉड ऑफ वॉर', 'मास इफेक्ट', 'रेड डेड रिडेम्प्शन', 'याकुझा', 'द वॉकिंग डेड' यांपैकी काही खेळायचं राहिलं असेल, तर त्याचं नाव दिसताच तो प्रश्न सोडून पुढे जा. शेवटाबद्दल मौन पाळून पात्रलेखनावर बोलणं मला जमत नाही.

सिक्वेलमधलं पात्र लिहिणं पहिल्या भागापेक्षा अवघड का असतं?

पहिल्या भागात लेखकाला पात्राची ओळख करून द्यायची असते. दुसऱ्या भागापर्यंत खेळाडू वीस-तीस तास ते पात्र होऊन वावरलेला असतो. सिनेमा पाहून आलेला माणूस सांगतो, "त्याने असं केलं." गेम खेळलेला माणूस सांगतो, "मी तिथे असं केलं." त्यामुळे दुसऱ्या भागात त्या पात्राच्या तोंडी एखादं न शोभणारं वाक्य आलं, की खेळाडूला ते आपल्याच तोंडी कुणी कोंबल्यासारखं वाटतं.

दुसरी अडचण अशी, की पहिल्या भागाच्या शेवटी पात्र बहुतेक घडून झालेलं असतं. जे मिळवायचं ते मिळालेलं असतं, जे हरवायचं ते हरवलेलं असतं. नवा खलनायक आणला, नवं शहर उभं केलं, तर कथा पुढे सरकते. पात्र मात्र होतं तिथेच राहू शकतं.

या विषयावर माझं एकच ठाम म्हणणं आहे आणि ते पुढच्या बहुतेक उत्तरांत येईल. नायकाने पहिल्या भागाच्या शेवटी जे काही केलं, त्यात कुणाचं तरी देणं राहिलेलं असतं. ते देणं मागायला कोण येतं आणि ते फेडताना खेळाडूच्या हातांना प्रत्यक्ष काय करावं लागतं, यावर दुसरा भाग उभा राहतो किंवा कोसळतो.

'कॅरेक्टर आर्क' आणि कथानक यांत फरक काय?

काय काय घडलं ते कथानक. त्या घडण्याने पात्राच्या मनातली कोणती समजूत मोडली, बदलली किंवा आणखी घट्ट झाली, ती आर्क. ओळखायची सोपी खूण आहे. पहिल्या भागातला एखादा कठीण प्रसंग दुसऱ्या भागाच्या शेवटच्या नायकासमोर ठेवून बघा. तो आताही तसाच वागेल असं वाटलं, तर मधले सगळे तास कथानकाचे होते.

जवळजवळ प्रत्येक सिक्वेल सुरुवातीलाच नायकाची ताकद का काढून घेतो?

खेळाच्या बाजूने पाहिलं तर कारण उघड आहे. शेवटाला पोचलेल्या नायकाकडे सगळी शस्त्रं आणि सगळे डाव असतात. तिथूनच सुरुवात केली तर नव्या खेळाडूला शिकायला सवड मिळत नाही आणि जुन्याला कमवायला काही उरत नाही. म्हणून काहीतरी निमित्त काढून ते गाठोडं काढून घ्यायचं. १९९७च्या 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट'मध्ये अलुकार्ड उत्तम आयुधं घेऊन किल्ल्यात शिरतो आणि थोड्याच वेळात साक्षात मृत्यू येऊन ती हिरावून घेतो. 'मेट्रॉइड प्राइम'मध्ये (२००२) एका स्फोटात सॅमसच्या चिलखताच्या बऱ्याचशा क्षमता जातात. 'गॉड ऑफ वॉर २'मध्ये (२००७) झ्यूस क्रेटॉसला फसवून त्याचं दैवी बळ एका तलवारीत ओतायला लावतो.

यांतलं तिसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण तिथे ताकद अपघाताने जात नाही, क्रेटॉसच्या माजामुळे जाते. पण या युक्तीचा सगळ्यात नेटका वापर मी 'मास इफेक्ट २'मध्ये (२०१०) पाहिला. पहिल्या काही मिनिटांतच नॉर्मंडी जहाज फुटतं आणि कमांडर शेपर्ड मरतो किंवा मरते (तो की ती, हे खेळाडू ठरवतो). दोन वर्षांनी शेपर्डला पुन्हा जिवंत केलं जातं, आणि ते करणारी संघटना असते सर्बेरस. पहिल्या भागात आपण याच सर्बेरसचे अमानुष प्रयोग पाहिलेले असतात. म्हणजे कौशल्यं शून्यावर आली आणि त्याच फटक्यात शेपर्डच्या डोक्यावर नको त्या माणसांचे उपकारही चढले. पुढे होरायझन या वसाहतीत जुना सहकारी भेटतो, क्षणभर आनंदतो आणि मग तोंडावर विचारतो, की तू त्यांच्यासाठी काम करतोस? त्याला द्यायला खेळाडूजवळ एकही धड उत्तर नसतं. ताकद काढून घ्यायचीच असेल, तर बदल्यात अशी काहीतरी बोच ठेवावी.

लाडक्या नायकाला मारणं हा खेळाडूचा विश्वासघात नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' (२०२०) असतो. पहिल्या भागाचा नायक जोएल गेमच्या सुरुवातीच्या तासांतच मरतो, तेही त्याने मुलीसारखं जपलेल्या एलीच्या डोळ्यांसमोर, आणि त्याला मारणाऱ्या ॲबीला नंतर आपल्यालाच चालवावं लागतं. अनेकांनी इथेच कंट्रोलर खाली ठेवला. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. जोएलवर त्यांनी सात वर्षं माया केली होती.

तरी माझं उत्तर 'नाही' असंच आहे. २०१३च्या पहिल्या भागाचा शेवट आठवून पहा. रोगावरच्या लशीसाठी एलीचा जीव घेणारी शस्त्रक्रिया व्हायची आहे. इस्पितळातल्या त्या खोलीत ती बेशुद्ध पडलेली आहे आणि तिला सोडवायला आलेल्या जोएलसमोर एक डॉक्टर आडवा उभा आहे. त्याला मारल्याशिवाय गेम पुढे जातच नाही. त्या डॉक्टरला तेव्हा नावही नव्हतं. नंतर एलीने विचारल्यावर जोएल तिच्याशी खोटं बोलतो आणि पडदा पडतो. म्हणजे दोन देणी राहिली, एक त्या डॉक्टरच्या माणसांचं आणि दुसरं एलीचं. दुसरा भाग या दोन्हींचा हिशेब मांडतो. ॲबी त्या डॉक्टरची मुलगी निघते.

मला जास्त बोलायचं आहे ते या लेखनाने खेळाडूच्या हातांशी काय केलं, यावर. एली म्हणून खेळताना मत्स्यालयात एक कुत्री अंगावर येते. बटण दाबून तिला भोसकावं लागतं, दुसरा मार्ग नाही. काही तासांनी कथा मागे जाते, आपण ॲबी झालेलो असतो आणि त्याच ॲलिस नावाच्या कुत्रीला खेळणं फेकून देतो. ती शेपूट हलवत परत आणून देते, आपण पुन्हा फेकतो. कुणी प्रवचन देत नाही. काही वेळापूर्वी आपण काय करून बसलो आहोत, ते आपल्याला ठाऊक असतं एवढंच.

गिटारचंही तसंच. गेममध्ये ती खरोखर वाजवावी लागते, स्वर निवडायचा आणि तारा छेडायच्या. शेवटी एली रिकाम्या घरात परत येते तेव्हा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलेली असतात. गिटार मांडीवर घेतल्यावर खेळाडू नेहमीसारखाच तारा छेडतो, आणि स्वर नीट लागत नाही. सुडात तिने काय गमावलं हे त्या बेसूर आवाजातून आपल्याच हाताला समजतं. अशी जागा पडद्यावर नुसती बघायला मिळाली असती तर तिची धार निम्मी झाली असती.

माझी तक्रार फक्त लांबीबद्दल आहे. ॲबीच्या तीन दिवसांत पुन्हा लहान-मोठी शस्त्रं गोळा करत फिरावं लागतं, आणि मधल्या काही तासांत कथेची पकड सैल पडते.

नायक बदलला तर चालतं का?

चालतं, पण फसवून बदलला तर खेळाडू वर्षानुवर्षं विसरत नाही. 'मेटल गिअर सॉलिड २' (२००१) येण्याआधी जाहिरातींत सॉलिड स्नेकच दिसत होता. प्रत्यक्षात पहिला टप्पा संपला की सूत्रं रायडन या नवख्या तरुणाकडे जातात आणि शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहतात. आज त्या निर्णयाकडे आदराने पाहिलं जातं, कारण आपण स्नेक आहोत या कल्पनेत रमलेल्या खेळाडूलाच तो गेम आरसा दाखवत होता. पण तेव्हा रायडनला जो तिरस्कार सोसावा लागला, तो पुसायला पुढचे गेम लागले.

क्रेटॉसच्या बदलाचं एवढं कौतुक का होतं?

कारण त्याच्या लेखकांनी मागचं काहीही पुसलं नाही. २००५पासूनच्या ग्रीक मालिकेत क्रेटॉस म्हणजे निव्वळ संताप. त्याची कातडी पांढरी आहे ती त्याने स्वतःच्या हाताने मारलेल्या बायको-मुलीच्या राखेने. २०१८च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये तो नॉर्स देवांच्या प्रदेशात आला आहे, दाढी वाढली आहे, दुसरी बायको नुकतीच वारली आहे आणि पदरात एट्रिअस हा मुलगा आहे. त्याला तो नावाने हाक मारत नाही, 'बॉय' म्हणतो. हातात नवी कुऱ्हाड आहे. मनगटांपासून वर पट्ट्या बांधलेल्या आहेत. कॅमेरासुद्धा दुरून पाहणं सोडून थेट त्याच्या खांद्यामागे आला आहे आणि सुरुवातीपासून अखेरपर्यंत कुठेही कट न घेता चालतो.

मग एट्रिअस आजारी पडतो. औषधासाठी हेलहाइममध्ये, म्हणजे मेलेल्यांच्या गोठलेल्या जगात, जावं लागणार आणि तिथल्या थंडीत बर्फाची कुऱ्हाड निरुपयोगी. क्रेटॉस एकटाच होडीत बसून घराकडे निघतो. इतके तास त्या होडीत मुलाचे प्रश्न ऐकायची सवय झालेली असते, त्यामुळे ती शांतता अंगावर येते. घरी पोचल्यावर तो जमिनीतलं एक झाकण उघडतो आणि फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं वर काढतो. आत ग्रीक मालिकेतली साखळदंडांची पाती आहेत. पट्ट्या कशासाठी होत्या तेही आपल्या लक्षात येतं, त्या साखळ्यांचे जुने डाग झाकायला. अथीना समोर येऊन सुनावते, की तू राक्षस होतास आणि राक्षसच राहशील. तो ते नाकारत नाही. कबूल करतो, फक्त आता तिचा राक्षस राहिलेला नाही एवढं बजावतो.

त्यानंतर दाराबाहेर शत्रू येतात आणि पाती आपल्या हातात असतात. साखळ्यांचा तोच जुना फेर पुन्हा पडद्यावर फिरतो. मी ही जागा तीनदा खेळलो आहे आणि तिन्ही वेळा आनंद आणि अपराधीपणा एकदमच वाटला. जुन्या गेम्समधली मजा खरी होती आणि ती कशाच्या जिवावर होती तेही खरं होतं, हे एकाच झटापटीत समजतं.

'रॅग्नारोक'ने (२०२२) यापुढचं पाऊल टाकलं. त्यात काही भाग एट्रिअस म्हणून खेळायचा असतो, बापाला न सांगता. शेवटी मुलाला एकट्याने जाऊ देणं ही क्रेटॉसची सगळ्यात अवघड लढाई ठरते आणि त्यात एकही वार नाही.

खेळाडूने निवडी केल्या असतील, तर सिक्वेल कुठल्या शेवटापासून सुरू करायचा?

इथे कुठलाच उपाय पूर्ण समाधानाचा नाही. उपाय कोणते ते मात्र माहीत असावेत.

सरळ विचारून टाकणं हा एक. 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २'मध्ये (२००४) ॲटन नावाचा सोबती गप्पांच्या ओघात पहिल्या भागातल्या मुख्य पात्राबद्दल, रेव्हनबद्दल, काहीबाही बोलतो. रेव्हन बाई होती की पुरुष, शेवटी चांगल्या बाजूला गेला की वाईट, हे त्याची चूक सुधारता सुधारता आपण ठरवून टाकतो. 'द विचर ३'मध्ये (२०१५) राजवाड्यात गेराल्टची दाढी चालू असताना एक अधिकारी मागच्या प्रसंगांची चौकशी करतो. त्याला दिलेली उत्तरं म्हणजेच दुसऱ्या भागातल्या आपल्या निवडी. माहिती भरायचा कंटाळवाणा फॉर्म या दोन्ही ठिकाणी माणसांच्या बोलण्यात विरघळून गेला आहे.

सगळे शेवट एकत्र कालवणं हा दुसरा उपाय. 'ड्यूस एक्स: इन्व्हिजिबल वॉर'ने (२००३) पहिल्या गेमच्या तिन्ही शेवटांचे तुकडे घेऊन पुढचा इतिहास रचला. कुणाचीच निवड पूर्ण खरी ठरली नाही आणि मला ती पळवाट वाटली.

आणि तिसरा, सर्वांत कष्टाचा, सेव्ह फाइल, म्हणजे खेळाडूच्या निवडींची साठवलेली नोंद, पुढच्या गेममध्ये नेण्याचा. 'मास इफेक्ट'ने तो २००७ ते २०१२ असा तीन गेम्समध्ये निभावला. पहिल्या भागात व्हरमायर ग्रहावर क्रोगन या परग्रही जमातीतला योद्धा रेक्स आपल्यावर बंदूक रोखतो. तो तिथेच मरू शकतो. जगला तर पुढे आपल्या लोकांचा शहाणा पुढारी होतो. मेला तर ती जागा रीव्ह घेतो, आणि त्याला फक्त सूड हवा असतो. आता यात मॉर्डिन हा शास्त्रज्ञ आणा. क्रोगन लोकांची पैदास रोखणाऱ्या रोगाला पुन्हा धार आणण्यात त्याचा हात होता. दुसऱ्या भागात तो आकडेमोड पुढे करून स्वतःचं समर्थन करतो, पण बोलता बोलता कुठेतरी अडखळतो. तिसऱ्यात तोच रोग उलटवण्यासाठी तो कोसळणाऱ्या मनोऱ्यात एकटा वर जातो. हे मलाच करायला हवं, दुसऱ्या कुणाच्या हातून चूक झाली असती, असं काहीसं म्हणतो, आणि गुणगुणत काम पुरं करतो. पण क्रोगनांचा पुढारी रीव्ह असेल आणि आणखी काही गोष्टी बिनसलेल्या असतील, तर मॉर्डिनला थांबायला पटवता येतं. पाच वर्षांपूर्वी रेक्सवर झाडलेली गोळी तोवर एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रायश्चित्तापर्यंत येऊन पोचलेली असते.

म्हणूनच त्या मालिकेच्या शेवटावर लोक इतके चिडले. शंभर तास ज्या निवडींना मोल होतं, त्या शेवटच्या दहा मिनिटांत जवळजवळ सारख्याच दिसणाऱ्या तीन पर्यायांत आटल्या. जून २०१२मध्ये कंपनीने वाढीव शेवट फुकट दिला. त्याने सोबत्यांचं पुढे काय झालं ते कळलं, मूळ घाव काही भरला नाही.

पहिल्या भागात मूक असलेल्या नायकाला बोलतं करावं का?

बोलण्यासारखं काही साचलं असेल तर करावं. 'डेड स्पेस'मध्ये (२००८) आयझॅक शब्द काढत नाही. २०११च्या दुसऱ्या भागात तो बोलतो, कारण मेलेल्या प्रेयसीचं, निकोलचं, ओझं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं आणि तिचा भास त्याला गप्प बसू देत नाही. उलट 'पोर्टल २'ने (२०११) नायिका चेलला मूकच ठेवलं आणि प्रवास शत्रूला दिला. ग्लॅडॉस ही संगणकीय बुद्धी सिंहासनावरून उतरून बटाट्याच्या बॅटरीत अडकते आणि नायिकेला चिकटून फिरताना स्वतःच्या आत दडलेली कॅरोलाइन नावाची माणूस-बाई तिला सापडते.

प्रीक्वेलमध्ये, म्हणजे आधीच्या काळात घडणाऱ्या भागात, शेवट आधीच माहीत असतो. मग ओढ कशाची?

'काय होणार'ची ओढ नसते, 'हे असं कसं झालं' याची असते. 'रेड डेड रिडेम्प्शन' (२०१०) १९११मध्ये घडतो, दुसरा भाग (२०१८) १८९९मध्ये. डच व्हॅन डर लिंडची टोळी फुटणार, पहिल्या गेमचा नायक जॉन मार्स्टन यातून सुटणार आणि बारा वर्षांनी मारला जाणार, हे सगळं ठाऊक असतं. लेखकांनी नायक मात्र असा निवडला, की पहिल्या गेममध्ये त्याचं नावही कुणी घेत नाही. आर्थर मॉर्गनबद्दल खेळाडू म्हणूनच कायम धास्तावलेला राहतो.

आर्थरचं मरण एका वसुलीतून येतं. थॉमस डाउन्स या आजारी शेतकऱ्याकडून पैसे वसूल करताना आर्थर त्याला बदडतो आणि तो खोकतो आर्थरच्या तोंडावर. तेव्हा हे मिशन इतकं किरकोळ वाटतं, की बहुतेकजण विसरून जातात. पुष्कळ तासांनी क्षयाचं निदान होतं आणि तो खोकला आठवतो. पुढे आर्थरचा चेहरा ओढला जातो, अंगावरचं मांस झडतं, आणि तोवर आपण त्याला खाऊ-पिऊ घालून धट्टाकट्टा ठेवलेला असतो.

त्याची वही तर मला या गेममधली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आर्थर तिच्यात प्राणी, झाडं, माणसं रेखाटतो, हातात चांगली कला आहे. त्याच्यानंतर उपसंहारात जॉनला चालवायचं असतं आणि तीच वही जॉनकडे आलेली असते. पान उघडलं की जॉनची ओबडधोबड चित्रं दिसतात. तिथे दोन पानं मागे उलटून आर्थरची चित्रं पुन्हा पाहिली नसतील, असे खेळाडू थोडेच असतील.

प्रीक्वेलमधला अटळपणा सहन करायला लावायचा असेल तर 'मेटल गिअर सॉलिड ३'चा (२००४) शेवट पहा. गुरूवर गोळी झाडायची आहे हे ठरलेलं आहे, पण चाप आपणच ओढायचा असतो आणि गेम वाट पाहत थांबून राहतो.

आधी कधीच उल्लेख नसलेला भाऊ अचानक आणणं ही फसवणूक नाही का?

'अनचार्टेड ४'मधल्या (२०१६) सॅमबद्दल हे विचारतात. तीन गेम्समध्ये नेथन ड्रेक भावाबद्दल अवाक्षर काढत नाही, हे खटकतंच. पण ड्रेक हे त्याचं खरं आडनाव नसल्याचं तिसऱ्या भागात सूचित झालं होतं. चौथ्या भागाने त्या अर्धवट दाराची कडी काढली. शिवाय सॅमच्या येण्याने नेथनचा जुनाच दोष वर आला. तो एलेनाशी, स्वतःच्या बायकोशी, पुन्हा खोटं बोलून निघतो. जी नवी माहिती जुन्या दोषावर बोट ठेवते, ती खेळाडू पचवतो. नुसत्या धक्क्यासाठी आलेली पचवत नाही.

मूल असलेलं पात्र पुढच्या भागांत मोठं करताना काय जपावं?

त्याला काय शिकवलं होतं ते. 'द वॉकिंग डेड'च्या पहिल्या सीझनमध्ये (२०१२) ली छोट्या क्लेमेंटाइनला बंदूक धरायला शिकवतो, मुडद्यांच्या हाती लागू नयेत म्हणून तिचे केस कापतो. शेवटी चावा बसलेला असताना तो तिला निर्णय घ्यायला लावतो, गोळी घाल किंवा सोडून जा. २०१८मध्ये सुरू झालेल्या अखेरच्या सीझनमध्ये क्लेमेंटाइन मोठी आहे, सोबत छोटा एजे आहे, आणि तिच्या तोंडून लीचीच शिकवण बाहेर पडते. कोठारातल्या प्रसंगात तर ती लीच्या जागी आणि एजे तिच्या जागी येतो. खेळाडूने लीला जे बोलायला लावलं होतं, त्याचा जाब सहा वर्षांनी दुसऱ्याच एका मुलाच्या हातून मिळतो.

ज्याचा प्रवास संपला, त्या नायकाला परत आणावं का?

शक्यतो नको. 'याकुझा' मालिकेने मात्र ते कसं साधावं हे दाखवलं. २००५पासून किर्यू हा नायक होता, सहाव्या भागात त्याला निरोप देण्यात आला. २०२०च्या 'याकुझा: लाइक अ ड्रॅगन'मध्ये इचिबान कासुगा आला आणि त्याच्याबरोबर मारामारीची पद्धतच बदलली. इचिबानला लहानपणापासून 'ड्रॅगन क्वेस्ट'चं वेड, म्हणून तो हाणामारीकडेही तशाच पाळीपाळीच्या खेळासारखं पाहतो. पात्राचा स्वभाव नियमांत उतरवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

२०२४च्या 'इन्फिनिट वेल्थ'मध्ये किर्यू परततो, कर्करोग घेऊन. तोही आता इचिबानच्या पाळीपाळीच्या जगात लढतो. पण त्याला एक खास ताकद दिली आहे, थोडा वेळ तो नियम मोडून जुन्या गेम्ससारखा मोकळा हाणू लागतो. ते काही क्षण बोटांना जुना किर्यू भेटतो आणि लगेच वेळ संपते. आजारी माणसाला तारुण्य आठवावं तसं.

दोन भागांमध्ये बरीच वर्षं गेली तर?

ती वर्षं पात्रावरूनही जाऊ द्यावीत. 'ॲलन वेक' २०१०मध्ये आला, दुसरा भाग २०२३मध्ये, आणि कथेतला ॲलनही तेरा वर्षं अंधारात अडकून पडलेला आहे. 'शेनम्यू ३' (२०१९) अठरा वर्षांनी आला, पण रिओचा सूड होता तिथून फार हलला नाही. इतकी वर्षं थांबलेल्या लोकांसाठी मला वाईट वाटलं.

शेवट अधांतरी ठेवून पुढच्या भागाची उत्सुकता लावावी का?

पुढचा भाग येईलच अशी खात्री कुणालाच नसते. 'हाफ-लाइफ २: एपिसोड टू' (२००७) ईलाय व्हान्सच्या मृत्यूवर थांबला आणि त्या क्षणाकडे परत यायला 'हाफ-लाइफ: ॲलिक्स'पर्यंत, म्हणजे २०२० सालापर्यंत, वाट पाहावी लागली. घटना अधांतरी राहिली तरी चालेल, पात्राचा त्या भागापुरता निर्णय मात्र पुरा झालेला असावा.

मी स्वतः एका गेमचा दुसरा भाग लिहितो आहे. सुरुवात कुठून करू?

मागच्या भागाचा शेवटचा तास पुन्हा खेळा, हाताशी कागद ठेवून. नायकाच्या वागण्याने कुणाकुणाचं नुकसान झालं, तो कुणाशी खोटं बोलला, कुठलं वचन अर्धं राहिलं, ते लिहून काढा. ज्यांना नावं नव्हती अशा माणसांवर विशेष लक्ष द्या. मग त्यांतलं एकच देणं निवडा. चार घेतलीत तर एकालाही न्याय मिळणार नाही.

त्यानंतर संवाद लिहायची घाई करू नका. डिझायनरबरोबर बसून विचारा, की हे देणं फेडताना खेळाडू कुठलं बटण कशासाठी दाबेल. उत्तर 'कटसीनमध्ये (खेळाडूने नुसत्या बघायच्या दृश्यात) दाखवू' असं आलं, तर अजून थोडं थांबा. आणि येता-जाता होणारं बोलणं, घोड्यावरचं, होडीतलं, लिफ्टमधलं, शेवटी उरलेल्या वेळात उरकू नका. खेळाडूला पात्राची सवय तिथेच लागते.

हे मी एका चुकीतून शिकलो. एका छोट्या टीमसाठी मी दुसऱ्या भागाचा मसुदा लिहिला होता. पहिल्या भागाच्या शेवटी आमची नायिका धरणाचे दरवाजे उघडते आणि वरचं गाव वाचतं. मी तिला नव्या प्रदेशात, नव्या शत्रूसमोर नेलं, पानंच्या पानं लिहिली. एका मैत्रिणीने ती सगळी वाचली आणि एवढंच विचारलं, "ते पाणी गेलं कुठे?"

मसुदा पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. आता तो धरणाखालच्या वस्तीत सुरू होतो. एका घराच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण आहे, नायिकेला तिथे कुणी ओळखत नाही, आणि खेळाडूला मिळणारं पहिलं काम आहे त्या घरातला गाळ उपसण्याचं.